एका ‘मे’ने केला घात!

खरं सांगा, सॉफ्टवेअरचं मॅन्युअल तुम्ही शेवटचं कधी वाचलंत?

आठवत नाही ना? हरकत नाही, मी राग मानणार नाही. गेली चौदा वर्षं मी मॅन्युअल्स लिहून पोट भरतेय आणि आमच्या घरातही ती कुणी वाचत नाही. नवा मिक्सर आला की आई पुस्तिका उघडते, ती वॉरंटी कार्डावर दुकानदाराचा शिक्का आहे की नाही हे बघायला. लग्नाचं बघत होते तेव्हा ‘मुलगी टेक्निकल रायटर आहे’ म्हटलं की समोरून हमखास यायचं, ‘म्हणजे टायपिंग का?’

पण मॅन्युअल वाचलं जातं. फक्त ते कधी वाचलं जातं, याचा विचार आपण करत नाही. सगळं सुरळीत चालू असताना कुणीच वाचत नाही. काहीतरी बिघडलेलं असतं किंवा बिघडेल अशी भीती असते, बॉस डोक्यावर उभा असतो किंवा ऑफिसात कुणीच नसतं, तेव्हा माणूस ते पान शोधतो. घाईत, टेन्शनमध्ये आणि बहुतेक वेळा एकटाच. त्या वेळी समोरच्या एका वाक्यावर त्याची सगळी भिस्त असते.

असंच एक वाक्य मी लिहिलं होतं. त्याची ही गोष्ट.

नऊ शब्द

२०१६चा जुलै. मी तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. आम्ही पतसंस्थांसाठी प्रॉडक्ट बनवायचो. ठेवी, कर्जं, पिग्मी, सगळं एका ठिकाणी. ज्यांना पिग्मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: पतसंस्थेचा एजंट रोज दुकानादुकानांत, हातगाड्यांपाशी फिरतो. कुणाकडून वीस रुपये, कुणाकडून पन्नास, कुणाकडून शंभर गोळा करतो. हातातल्या मशीनमधून पावती देतो आणि संध्याकाळी शाखेत येऊन ते मशीन कॉम्प्युटरला जोडतो. भाजीवालीच्या मुलीची फी, चहावाल्याच्या दुकानाचं डिपॉझिट या पन्नास-पन्नास रुपयांतून उभं राहत असतं.

आमच्या सॉफ्टवेअरचे स्क्रीन मराठीत होते. अपग्रेड गाइड मात्र इंग्रजीत. कारण काय, तर ‘ते टेक्निकल लोकच वाचतात.’ कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टेक्निकल लोक म्हणजे पन्नाशी ओलांडलेले एक वरिष्ठ क्लार्क होते. कॉम्प्युटरला हात लावायची भीती वाटत नाही, एवढ्या क्वालिफिकेशनवर ती जबाबदारी त्यांच्या गळ्यात पडलेली!

रात्री शाखा बंद झाल्यावर त्यांनी अपग्रेड करायला घेतलं. गाइडची प्रिंट काढून समोर ठेवली होती. त्यात माझं वाक्य होतं: ‘ओल्ड बॅकअप फाइल्स मे बी डिलीटेड ड्युरिंग द अपग्रेड.’

फक्त नऊ शब्द. व्याकरण शुद्ध, स्पेलिंग चोख. रिव्ह्यूमध्ये चार जणांनी वाचलं होतं, कुणाला काही खटकलं नव्हतं.

अपग्रेड अर्ध्यावर असताना वीज गेली. बाहेर धो धो पाऊस, त्यात यूपीएसची बॅटरी म्हातारी. डेटाबेसची वाट लागली. अशा वेळी शांतपणे कालचा बॅकअप परत चढवायचा असतो. त्यांनी बॅकअपचं फोल्डर उघडलं. ते रिकामं होतं.

‘मी काढू का ते काढणार?’

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सपोर्ट इंजिनिअरने मला बोलावून घेतलं. ‘मॅडम, जरा ऐका,’ म्हणाला आणि फोन स्पीकरवर टाकला.

‘साहेब, पुस्तकात लिहिलंय तसंच केलंय मी,’ पलीकडून आवाज आला. रात्रभर झोप नसलेल्या माणसाचा. ‘मे बी डिलीटेड म्हंजे काढल्या तरी चालतील, असंच ना? मी म्हटलं, डिस्कवर चार जीबी मोकळी आहे, कशाला काढायच्या? राहू देत. म्हणून हात लावला नाही.’

सपोर्टवाला गप्प. मी गप्प.

‘का तुमचं सॉफ्टवेअरच काढणार होतं? मी काढू का ते काढणार, हे कुठं लिहिलंय?’

कुठेच लिहिलं नव्हतं. ‘मे’ या एका शब्दाचे दोन अर्थ होतात. एक परवानगीचा: ‘तुम्ही डिलीट केल्या तरी चालेल.’ दुसरा शक्यतेचा: ‘आपोआप डिलीट होतील, सांगता येत नाही.’ मला दुसरा म्हणायचा होता, त्यांनी पहिला घेतला. आणि त्यांचं चुकलं असं म्हणायला काही जागाच नाही.

त्यांच्या पेन ड्राइव्हवर अकरा दिवसांपूर्वीची कॉपी होती, म्हणून निदान तेवढं वाचलं. मधल्या अकरा दिवसांचं सगळं गेलं. पिग्मीच्या नोंदी एजंटांच्या वह्या आणि पावत्यांच्या कार्बन कॉप्या घेऊन हाताने पुन्हा भरायला लागल्या. तीन रात्री ते शाखेत बसले. दिवसा काउंटरवर ‘माझ्या खात्यात पैसे का दिसत नाहीत?’ असं विचारणारी माणसं. पतसंस्थेच्या दारात असा प्रश्न एकाने मोठ्या आवाजात विचारला की गावात काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

‘कधी कधी’चं इंग्रजी

आता खरी गंमत सांगते. गंमत म्हणजे, माझी लाज.

तो ‘मे’ माझ्या हातून चुकून पडला नव्हता. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी मी डेव्हलपरला विचारलं होतं, ‘अपग्रेडमध्ये जुने बॅकअप उडतात का रे?’

‘हो. म्हणजे... कधी कधी.’

इथे मी ‘कधी?’ असं विचारायला हवं होतं. दोन अक्षरं. पण साडेसहा वाजले होते, त्याला बिल्ड द्यायचं होतं, मला बस पकडायची होती. मी जागेवर आले आणि ‘कधी कधी’चं इंग्रजी करून टाकलं. ‘कधी कधी’ इंग्रजी कपडे घालून आलं की ‘मे’ होतं! छान, नम्र, प्रोफेशनल वाटतं. कुणाला शंकाही येत नाही की लिहिणारीला स्वतःलाच माहीत नाहीये.

फोननंतर मी पुन्हा त्याच्याकडे गेले आणि तो प्रश्न विचारला. त्याने कोड उघडला. चार मिनिटांत उत्तर मिळालं: ड्राइव्हवर ५ जीबीपेक्षा कमी जागा असेल तर अपग्रेड प्रोग्रॅम बॅकअपचं फोल्डर साफ करतो. त्या काकांकडे ४ जीबी होती. त्यांच्या हिशेबाने भरपूर.

चार मिनिटं माझी वाचली, तीन रात्री त्यांच्या गेल्या.

तेव्हापासून माझं एक मत झालंय. गोंधळाची वाक्यं बहुतेक वेळा कच्च्या भाषेमुळे तयार होत नाहीत. लिहिणाऱ्याने एक प्रश्न विचारायचा टाळलेला असतो आणि ती फट झाकायला एखादा गुळगुळीत शब्द बसवलेला असतो. ‘मे’, ‘शुड’, ‘इफ रिक्वायर्ड’, ‘अ‍ॅज अ‍ॅप्रोप्रिएट’... प्रत्येकाच्या खाली एक न विचारलेला प्रश्न दडलेला असतो. तो आपण विचारला नाही, तर वाचणाऱ्याला विचारावा लागतो. आणि त्याच्यासमोर विचारायला कुणी नसतं.

‘मालफंक्शन ५४’

‘एवढं काय त्यात? सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलने कुणी मरतं का?’ असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचे. मग थेरॅक-२५ या मशीनबद्दल वाचलं.

हे कॅन्सरच्या रुग्णांना रेडिएशन देणारं, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडामध्ये त्याने सहा रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी पट जास्त रेडिएशन दिलं. काही जण त्यातच गेले. मूळ दोष सॉफ्टवेअरचा होता, आणि तो पकडणारी यांत्रिक सुरक्षा या मॉडेलमधून काढून टाकलेली होती. पण मार्च १९८६मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावात काय झालं बघा. मशीन थांबलं आणि स्क्रीनवर संदेश आला: ‘मालफंक्शन ५४’. ऑपरेटरसाठीच्या मॅन्युअलमध्ये या कोडचा अर्थच दिलेला नव्हता. असले संदेश येणं तिथे रोजचंच होतं. ऑपरेटरने पुढे चालू ठेवायचं बटण दाबलं आणि रुग्णाला दुसरा झटका बसला. काही महिन्यांनी तो रुग्ण गेला.

‘थांबा. रुग्णाला चुकीचा डोस गेलेला असू शकतो. पुढे जाऊ नका.’ इतकं साधं स्क्रीनवर असतं तर? बग राहिलाच असता. पण ऑपरेटरला तिथे थांबायला एक कारण मिळालं असतं.

म्हणूनच जिथे जिवाशी गाठ असते, तिथे शब्दांचे नियम कडक असतात. विमानांच्या देखभालीची मॅन्युअल्स जगभरचे मेकॅनिक इंग्रजीत वाचतात आणि त्यातल्या अनेकांची ती मातृभाषा नसते. १९७०च्या दशकाच्या शेवटी युरोपातल्या विमान कंपन्यांनी याबद्दल तक्रार केली आणि १९८६मध्ये त्यातून ‘सिम्प्लिफाइड इंग्लिश’चे नियम आले. आज ते ‘एएसडी-एसटीई१००’ या नावाने ओळखले जातात. फंडा सोपा आहे: एका शब्दाला एकच अर्थ. ‘फॉलो’ म्हणजे फक्त ‘मागून येणे’, ‘पाळणे’ नाही. ‘क्लोज’ म्हणजे ‘बंद करणे’, ‘जवळ’ नाही. आणि कृती सांगणारं वाक्य वीस शब्दांच्या वर जायचं नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांनाही ही खाज होतीच. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्या मंडळींनी मार्च १९९७मध्ये ‘आरएफसी २११९’ नावाचं छोटंसं टिपण काढलं. ‘मस्ट’ म्हणजे सक्ती. ‘शुड’ म्हणजे तसंच सबळ कारण असेल तरच टाळा. ‘मे’ म्हणजे तुमची मर्जी. शब्दांची भांडणं कायमची मिटली, असं वाटलं. पण मग नवी शंका निघाली: हेच शब्द लहान अक्षरांत लिहिले तर? शेवटी २०१७मध्ये दुसरं टिपण काढून सांगावं लागलं, की हे अर्थ फक्त कॅपिटल अक्षरांतल्या शब्दांना लागू. स्पष्टपणाच्या नियमाचाच खुलासा करावा लागला! आणि तोही नेमका मे महिन्यात.

मराठीत सांगून बघ

मी मात्र माझा नियम त्या फोनवरून उचलला. ‘मी काढू का ते काढणार?’

गंमत बघा. जी भानगड माझ्या इंग्रजी वाक्यात नऊ शब्दांच्या आत बेमालूम लपली, ती मराठीत एका दमात उघडी पडली. कारण मराठीत ते वाक्य बोलायचं तर तुम्हाला ठरवावंच लागतं: ‘काढल्या तरी चालतील’ की ‘आपोआप जातील’? करायचं आहे की होणार आहे? मधलं काही नाही.

मग मला सवयच लागली. कुठलंही वाक्य लिहिलं की ते मनात आईला फोनवर मराठीत सांगून बघायचं. एका वाक्याची दोन वेगवेगळी मराठी वाक्यं झाली, तर समजायचं की लोच्या आहे. काही नमुने:

‘चेक द बॉक्स.’ चौकटीत टिक करू, की टिक आहे का ते बघू?

‘द सर्व्हिस इज रीस्टार्टेड.’ आपोआप होते, की मी करायची?

‘द सर्व्हिस शुड बी रनिंग.’ चालू असेलच, काळजी नको? की चालू असायला हवी, नसेल तर सुरू करून घे?

‘सिन्स द सर्व्हर वॉज अपग्रेडेड...’ अपग्रेड झाल्यापासून, की अपग्रेड झाला म्हणून?

यातलं प्रत्येक वाक्य मी कुठे ना कुठे पाहिलंय. खोटं कशाला बोलू, बरीचशी मीच लिहिलीत.

एक सावधगिरी मात्र हवी. ही मराठी बोलण्यातली पाहिजे, फॉर्मवरची नाही. ‘जुन्या संचिका हटविल्या जाऊ शकतात’ असं भाषांतर केलंत की संपलं! इंग्रजीतला गोंधळ जसाच्या तसा पार्सल होऊन येतो, वर ‘संचिका’ म्हणजे काय हा प्रश्न फुकट. आणि आपली मराठीही काही धुतल्या तांदळासारखी नाही बरं का. आमच्या सोसायटीत एकदा बोर्ड लागला होता, ‘परवा दिवसभर पाणी नव्हते, त्याबद्दल दिलगीर आहोत. परवा टाकी धुण्यात येईल.’ मागचा परवा आणि पुढचा परवा एकाच बोर्डावर सुखाने नांदत होते. तिथे क्रियापदांनी तारलं. नुसतं ‘परवा पाणी बंद’ असतं तर?

हे स्वयंपाकघरातही तसंच आहे. हॉस्टेलवर असताना आजीला फोन करून पुरणाचं प्रमाण विचारलं, तर उत्तर आलं, ‘गूळ अंदाजाने घाल गं.’ अंदाज तिच्या हातात होता, माझ्या नाही. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७०मध्ये आलं आणि घराघरांत गेलं. त्यात वाटी आणि चमच्याच्या हिशेबात मापं दिली होती. ज्या मुलीला अंदाज नाही, तिच्यासाठी लिहिलेलं पुस्तक. माझ्या मते, आपल्याकडच्या चांगल्या यूजर मॅन्युअल्सपैकी हे एक!

वाक्य सुधारलं, मग कोड

फोनच्या त्या दिवशी मी वाक्य बदललं. नवं वाक्य मराठीत सांगायचं तर असं होतं:

‘अपग्रेड सुरू करण्याआधी बॅकअपचं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा. ड्राइव्हवर ५ जीबीपेक्षा कमी जागा असेल, तर अपग्रेड प्रोग्रॅम या फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्स काढून टाकतो. त्या परत मिळत नाहीत.’

डेव्हलपरने ते वाचलं आणि त्याचा चेहराच पडला. ‘अगं, असं लिहिलंस तर घाबरून कुणी अपग्रेडच करणार नाही!’

‘मग खोटं आहे का हे?’

‘खोटं नाही, पण...’ तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘असं वागायलाच नको ना प्रोग्रॅमने.’

पुढच्या व्हर्जनमध्ये प्रोग्रॅम थांबून विचारायला लागला: ‘जागा कमी आहे. जुने बॅकअप काढू का?’ माझी तीन वाक्यं गाइडमधून उडाली. लिहिलेलं उडवलं जाण्याचा एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

म्हणजे जोपर्यंत वाक्य धूसर होतं, तोपर्यंत प्रोग्रॅमची खोडही धूसर होती. स्पष्ट लिहिलं, तेव्हा सगळ्यांना दिसली. तुमच्यापैकी जे गिट वापरतात त्यांनी हे मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. त्यातली ‘चेकआउट’ ही एकच कमांड ब्रँच बदलायची आणि फाइलमधले तुमचे बदल न विचारता पुसूनही टाकायची. नवख्यांना ते समजावताना सगळ्यांच्या नाकी नऊ यायचे. अखेर ऑगस्ट २०१९मध्ये २.२३ या व्हर्जनमध्ये ‘स्विच’ आणि ‘रीस्टोअर’ अशा दोन वेगळ्या कमांड्स आल्या. एखादी गोष्ट सरळ वाक्यात सांगताच येत नसेल, तर दर वेळी दोष वाक्याचा नसतो.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली हे सगळं एआय लिहितं की! लिहितं. मीही त्याच्याकडून पहिला ड्राफ्ट काढून घेते. दहा सेकंदांत झकास इंग्रजी येतं. पण त्यातही ‘मे’ येतोच, अगदी ऐटीत. मीही तेव्हा नऊ शब्दांचं झकास इंग्रजीच लिहिलं होतं. डेव्हलपरच्या खुर्चीपाशी जाऊन ‘कधी?’ असं विचारायचं काम अजून आपलंच आहे.

सोमवारी ऑफिसात करून बघा

मॅन्युअल लिहिणं तुमचं काम नसेल. पण मेल, टिकिट्स, हँडओव्हर नोट्स, रिलीज नोट्स तुम्हीही लिहिताच. तेव्हा हे बघा:

● कोण? प्रत्येक कामाला कर्ता द्या. ‘प्लीज डू द नीडफुल’ या मेलवर सहा जण कॉपीत असतील तर ते काम कुणाचंच नसतं.

● अट आधी, काम नंतर. ‘रीस्टार्टचं बटण दाबा, पण आधी सगळे लॉग आउट झालेत ना बघा,’ असं लिहिलंत तर स्वल्पविरामापाशी बटण दाबलेलं असतं. लोक वाचता वाचता करत जातात.

● धोक्याची सूचना कामाच्या वर. खाली लिहिली तर ती सूचना राहत नाही, पोस्टमॉर्टेम होतं.

● एका गोष्टीला एकच नाव. एकदा ‘फोल्डर’, मग ‘डिरेक्टरी’, पुढे ‘लोकेशन’... शाळेत निबंधाला याचे मार्क मिळायचे. इथे वाचणारा तीन गोष्टी शोधत बसतो.

● ‘पुरेशी जागा’ नको, ‘५ जीबी’ लिहा. ‘लवकरात लवकर’ नको, ‘गुरुवारी दुपारी चारपर्यंत’ लिहा.

● लिहिलेलं एखाद्या नवख्याला द्या आणि गप्प बसा. तो जिथे अडकेल तिथे मदत करू नका, खूण करा. तुम्ही मदत केलीत की वाक्य पास होतं आणि पुढचा वाचणारा नापास.

समासातला शब्द

त्या ऑगस्टमध्ये आमच्या टीमबरोबर ट्रेनिंगसाठी मी कोल्हापूरला गेले. एक दिवस काढून त्या गावी गेले. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, शाखेची पायरी चढताना सगळं विसरले.

काकांनी चहा मागवला. नोंदी सगळ्या जुळल्या होत्या. एका एजंटच्या वहीचं एक पान पावसात भिजलं होतं, तर त्या पानावरच्या दुकानांत ते स्वतः जाऊन पासबुकं बघून आले होते. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मग खणातून गाइडची ती प्रिंट काढली. माझ्या वाक्याखाली पेन्सिलची रेघ होती आणि समासात बारीक अक्षरांत एकच शब्द लिहिला होता: ‘कोण?’

म्हणजे त्यांना तेव्हाच शंका आली होती. त्याच रात्री, वीज जायच्या आधी.

‘मग फोन का नाही केलात?’ मी विचारलं.

‘रात्रीचे साडेनऊ वाजलेले. आणि मला वाटलं, आपलंच इंग्रजी कच्चं. शिकल्या-सवरलेल्या माणसाला कळत असणार,’ ते म्हणाले. मग कागद माझ्याकडे सरकवून विचारलं, ‘मॅडम, हे तुम्ही लिहिलेलं का?’

‘हो.’

‘इंग्रजी चांगलं आहे हो तुमचं.’

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. खरोखरच कौतुकाने म्हणाले. चहाचा घोट माझ्या घशात अडकला.

ते पान मी मागून घेतलं. त्यानंतर दोन नोकऱ्या बदलल्या, पण प्रत्येक ठिकाणी ते माझ्या डेस्कसमोर लावलंय. पेन्सिलचं अक्षर आता फिकट झालंय. ड्राफ्ट पाठवायच्या आधी मी ते एकदा वाचते आणि बऱ्याचदा उठून कुणाच्या तरी खुर्चीपाशी जाऊन उभी राहते. आमच्या टीममधल्या पोरांना आता सवय झालीय. मला येताना बघितलं की ती लांबूनच ओरडतात, ‘आली, आली! आता विचारणार, कोण आणि कधी!’